पुन्हा दिसलेलं नाही

पेजकाकांना ‘झालं का?’ असं विचारू नये. विचारणारा बहुधा नवखा असतो, मनानं चांगला असतो, त्याच्या हातात बटाटेवड्याची प्लेट असते आणि त्याला दोन मिनिटं काहीतरी बोलून पुढच्या माणसाकडं सरकायचं असतं. काका मात्र स्वतःची प्लेट खाली ठेवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि शांतपणे म्हणतात, “झालं असं नाही म्हणता येणार. मंगळवारपासून पुन्हा दिसलेलं नाही, इतकंच.” मग तो बिचारा विचारतो, “काय दिसलेलं नाही?” आणि त्याचा वडा गार होतो.

पेजकाका हा एक माणूस नव्हे, तो एक वाण आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये बॉस्टनहून पश्चिमेला रूट नाइन धरून निघालात की फ्रेमिंगहॅम, साउथबरो, वेस्टबरो करत तुम्ही श्रूजबरीत येता. पुढं क्विन्सिगामंड तळ्यावरचा पूल ओलांडला की वूस्टर. या पट्ट्यात मराठी घरं भरपूर, आणि त्यांच्या दर दिवाळीत, दर हळदीकुंकवाच्या वेळी पुरुषांच्या कोपऱ्यात असा एकतरी काका सापडतोच. ज्यांना डोळ्यांसमोर ठेवून मी लिहितोय ते श्रूजबरीतलेच. खरं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या सकाळी निरोप येईल की लेख वाचला, छान आहे, पण चौथ्या परिच्छेदातलं विधान फक्त काही मशीनांवर खरं आहे.

त्यांचं काम सांगायला सोपं आहे. कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. मेमरी भरत आली की तिच्यातली कुठली पेजेस, म्हणजे ठरावीक आकाराचे तुकडे, बाहेर काढायची आणि जागा मोकळी करायची, हे कर्नलमधला एक भाग ठरवतो. त्याला रिक्लेम म्हणतात. तो बिघडला की दुरुस्त करायचा. बस्स. तीस-पस्तीस वर्षं एवढंच. शेजारच्या घरातला गृहस्थ या काळात प्रोग्रॅमरचा मॅनेजर झाला, मॅनेजरचा डिरेक्टर झाला, डिरेक्टरचा सल्लागार झाला आणि आता फ्लोरिडात गोल्फ खेळतो. काका अजून रिक्लेममध्येच आहेत.

एकदा आमच्याकडच्या जेवणात एका वहिनींनी हे सगळं मन लावून ऐकून घेतलं आणि निकाल दिला, “म्हणजे कपाट आवरण्यासारखंच की!”

काकांना उदाहरणं देऊन समजून घेतलेलं चालत नाही. “नाही वहिनी,” ते म्हणाले. “तुमच्या कपाटात साड्या किती? शंभर? दीडशे? सोळा जीबीच्या साध्या लॅपटॉपमध्ये पेजेस असतात ४१ लाख ९४ हजार ३०४. एकेक ४,०९६ बाइट्सचं. कुठली साडी कधी नेसलात हे तुम्हाला आठवतं. इथं प्रत्येक पेजला कधी हात लागला ते लिहून ठेवायचं म्हटलं तर लिहिण्यातच मशीनचा दिवस जाईल. म्हणून प्रोसेसर फक्त एक खूण करतो, हात लागला म्हणून. कधी, किती वेळा, काही नाही. आम्ही ती खूण पुसायची, थोड्या वेळानं परत जाऊन बघायचं की पुन्हा उमटलीय का. उमटली असेल तर पेज कामाचं, राहू दे. नसेल तर ते निघण्याच्या रांगेत. आणि काढून टाकलेली साडी तुम्ही पुढच्याच क्षणी मागितलीत तर ती तितक्याच तातडीनं, घडी न मोडता हातात द्यावी लागते.”

“साडी काढून टाकायची असते असं कोण म्हणालं?” वहिनींनी विचारलं, आणि तिथं तो विषय संपायला हवा होता. पण कोपऱ्यात साताऱ्याहून लेकीकडं आलेले एक आजोबा बसले होते. ते पत्रिका बघतात. त्यांनी विचारलं, “पण मग काढून टाकायला सगळ्यात योग्य पेज कुठलं?”

काकांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत हा प्रश्न इतक्या नेमकेपणानं त्यांना कोणी विचारला नव्हता. “जे सगळ्यात उशिरा परत लागणार आहे ते,” काका म्हणाले. “१९६६ साली आयबीएममधल्या बेलाडी नावाच्या माणसानं हे मांडलं. याहून चांगला नियम असूच शकत नाही. फक्त तो चालवायचा तर पुढं काय होणार हे आधी कळायला हवं.”

“मग पत्रिका मांडा,” आजोबा म्हणाले.

“तेच करतो आम्ही,” काका म्हणाले. “मागचं बघून पुढचं सांगायचं. फक्त आमचं चुकलं तर लॉगमध्ये दिसतं.”

आजोबांनी यावर बराच वेळ विचार केला आणि मग खीर मागून घेतली. पण काका जे बोलले त्यात तथ्य होतं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये २०१४ पासून एक सोय आहे, योहानेस वायनर यांनी घातलेली. एखाद्या फाइलचं पेज मेमरीतून काढलं की त्याच्या जागी एक छोटी खूण ठेवली जाते. तेच पेज लगेच परत मागितलं गेलं तर त्या खुणेवरून कळतं की किती लवकर परत आलं, म्हणजे आपण काढण्याची किती घाई केली. आपली चूक मोजायची व्यवस्था. काकांना ही सोय इतकी प्रिय आहे की ती सगळ्यांनाच असावी असं त्यांना वाटतं. गावातला गाडीदुरुस्तीवाला, छपरावरचा माणूस, दातांचा डॉक्टर, यांपैकी कोणीही ‘ठीक केलंय’ असं म्हणालं की काका विचारतात, “कारण काय होतं?” गाडीवाला सांगतो, पार्ट बदलला. “ते कारण नव्हे,” काका म्हणतात, “तो उपाय झाला.” त्यानंतर गाडीवाला किल्ली पुढं करतो आणि दुसऱ्या गाडीखाली शिरतो.

काका इथं आले ते डिजिटलमुळं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन म्हणजे केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन यांनी १९५७ साली मेनार्डच्या जुन्या लोकरीच्या गिरणीत सुरू केलेली कंपनी. तिच्या भरभराटीच्या काळात तिथं लाखावर माणसं कामाला होती. या सगळ्या परिसरात तिच्या इमारती पसरलेल्या होत्या, श्रूजबरीतही साउथ स्ट्रीटवर एक होती. मुंबई-पुण्याहून इंजिनिअर होऊन आलेली अनेक मुलं तेव्हा तिथं चिकटली. रूट नाइनवर स्पॅग्ज नावाचं एक अजब दुकान होतं, १९३४ पासूनचं, जिथं खिळ्यांपासून टोमॅटोच्या रोपांपर्यंत सगळं स्वस्तात मिळे, पण पिशवी मिळत नसे. काकांनी श्रूजबरीतलं पहिलं फावडं तिथून घेतलं, आणि पिशवी न देण्यामागचं तर्कशास्त्र त्यांना आजही निर्दोष वाटतं.

डिजिटलचं व्हॅक्स हे मशीन १९७७ साली आलं. त्यावर चालणाऱ्या व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिमनं काकांना घडवलं. “व्हॅक्सला हात लागल्याची खूण करणारा बिटच नव्हता,” हे वाक्य ते ज्या सुरात म्हणतात, त्या सुरात आपले वडील ‘आम्ही कंदिलाखाली अभ्यास केला’ म्हणायचे. बिट नाही, तर कुठलं पेज जुनं हे ठरवायचं कसं? व्हीएमएसवाल्यांनी काय केलं, तर पेज सरळ आलेल्या क्रमानं काढायचं, पण लगेच पुसायचं नाही. मोकळ्या पेजांच्या यादीच्या शेपटाला जोडून ठेवायचं. मालकानं तेवढ्यात परत मागितलं तर डिस्कपर्यंत न जाता तसंच उचलून द्यायचं. न मागितलं तर यथावकाश दुसऱ्याला. “काढायचं, पण आशा सोडायची नाही,” असं काका याचं सार सांगतात, आणि मला वाटतं त्यांचा माणसांशी वागायचा नियमही हाच असावा. त्यांच्याशी भांडून गेलेला माणूस वर्षभरानं परत आला तर काका आधीचं वाक्य जिथं तुटलं होतं तिथूनच बोलायला सुरुवात करतात.

१९९८ साली डिजिटल कॉम्पॅकनं घेतली, २००२ साली कॉम्पॅक एचपीनं. गेटवरच्या पाट्या बदलल्या, गळ्यातली ओळखपत्रं बदलली, आणि मग काही जण निवृत्त झाले, काही घर विकून कॅलिफोर्नियाला गेले. काका लिनक्सकडं गेले. काम तेच, पेजेस तीच.

लिनक्सच्या इतिहासातल्या ज्या गोष्टीवर काका आजही बाजू घेऊन भांडतात ती सप्टेंबर २००१ मधली. लिनक्सची २.४ ही स्थिर म्हणून जाहीर झालेली मालिका होती, आणि तिच्या मेमरीबद्दल तक्रारी चालल्या होत्या. २.४.१० मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी रिक व्हॅन रील यांची मेमरीची व्यवस्था काढून आंद्रेआ आर्कांजेली यांची नवी घातली. स्थिर मालिकेत, अर्ध्या वाटेत! अॅलन कॉक्स यांनी आपल्या शाखेत काही काळ जुनीच ठेवली. काकांना हे सगळं काल घडल्यासारखं आठवतं. लग्नाचा वाढदिवस मात्र काकूंना फ्रिजवर लिहून ठेवावा लागतो. कोणाची बाजू बरोबर होती असं विचारलं तर ते आधी एका बाजूनं वीस मिनिटं बोलतात, मग पाणी पितात आणि दुसऱ्या बाजूनं वीस मिनिटं बोलतात. नि:पक्षपाती माणसाशी वाद घालणं फार दमवणारं असतं.

पुण्याहून नुकताच आलेला एखादा मुलगा दर वर्षी काकांकडं पाठवला जातो. यंदाचा आला तो मेमरी विकत घ्यायच्या तयारीनं. “काका, आठ जीबी आहे, पण फ्री बघितली तर तीनशे एमबीच दिसतेय. अजून आठ घालू का?”

काकांनी त्याला बसवलं. काकूंना हाक मारली, “अगं, चहा टाक, हा थांबतोय.” मुलगा थांबणार नव्हता.

“फ्री कशाला हवीय तुला?” काकांनी विचारलं. “रिकामी मेमरी म्हणजे वाया चाललेली मेमरी. तू डिस्कवरून जी जी फाइल वाचलीस तिची पेजेस कर्नलनं जवळ ठेवलीयत, परत लागली तर असावीत म्हणून. त्यात तू काही बदल केलेला नसेल तर ती पेजेस कधीही टाकता येतात, डिस्कवर मूळ आहेच. तू फ्रीचा आकडा बघू नकोस, अव्हेलेबलचा बघ. तो आकडा कर्नल स्वतःच देतं, २०१४ पासून. बघ किती? साडेचार जीबी. काय विकत घेणार होतास?”

मुलगा खूश झाला आणि खूश झाल्यामुळं जास्त बोलला. त्याच्या पुण्यातल्या टीममध्ये म्हणे रोज मध्यरात्री एक स्क्रिप्ट चालायची, ती असा जवळ ठेवलेला सगळा साठा, म्हणजे कॅश, रिकामा करायची. सकाळी मेमरी फ्री दिसायची, साहेब समाधानी असायचे.

काकांनी कप खाली ठेवला. कोणीतरी गेल्याची बातमी ऐकावी तसे क्षणभर गप्प बसले. “आणि सकाळी नऊ वाजता सगळं हळू चालायचं,” ते म्हणाले.

“हो! तुम्हाला कसं कळलं?”

“सगळं परत डिस्कवरून आणावं लागत असेल.” मग खालच्या आवाजात, “रोज मध्यरात्री?” त्या संध्याकाळी त्या मुलाला कर्नलच्या स्वॅपिनेस या सेटिंगमधलं ६० म्हणजे साठ टक्के नव्हे हेही कळलं, तो आकडा २०२० पासून २०० पर्यंत नेता येतो हेही कळलं, आणि तो चिवड्याचा डबा घेऊन, मेमरी न घेता घरी गेला. श्रूजबरीतल्या मराठी तरुणांचे काकांनी आजवर किती डॉलर वाचवले असतील याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. त्यांचे किती तास गेले याचाही नाही.

काकांची सर्वांत मौल्यवान वस्तू म्हणजे एक पेनड्राइव्ह. जुना, फिकट निळा, कुठल्यातरी प्रदर्शनात फुकट मिळालेला. त्याची थोरवी अशी की तो अतिशय मंद आहे. सेकंदाला जेमतेम पाच एमबी लिहितो. असा आता बाजारात मिळत नाही, आणि काकांचं अर्धं काम त्याच्यावर अवलंबून आहे. कारण असं: तुम्ही पेनड्राइव्हवर मोठी फाइल टाकता तेव्हा ती लगेच तिकडं जात नाही. आधी मेमरीत लिहिली जाते, मग सवडीनं खाली उतरते. अजून न उतरलेल्या अशा पेजांना डर्टी म्हणतात. अशी पेजेस वापरण्याजोग्या मेमरीच्या वीस टक्क्यांपर्यंत साठू द्यायची, हा लिनक्सचा जुना ठरलेला आकडा. सोळा जीबीत ती झाली तीन जीबीच्या आसपास. सेकंदाला पाच एमबीच्या वेगानं तीन जीबी उतरायला दहा मिनिटं लागतात. आणि त्या दहा मिनिटांत दुसऱ्या कुणाला मेमरी लागली, रिक्लेम जागा शोधायला निघालं, आणि त्याच्या समोर हीच डर्टी पेजेस आली, तर ती टाकता येत नाहीत आणि थांबल्याशिवाय गत्यंतर नाही. मग माउस अडकतो. गाणं अडकतं. माणूस चिडतो. हा सगळा प्रसंग हुकमी घडवून आणायचा तर पेनड्राइव्ह मंदच हवा.

काकूंना हे माहीत नव्हतं असं नाही, पण एका रविवारी भजनाचं रेकॉर्डिंग पाहुण्यांना द्यायचं होतं आणि ड्रॉवरमध्ये हाताला तोच आला. पाहुणे नॉर्थबरोला पोहोचेपर्यंत काकांना पत्ता लागला होता. बर्फ पडत होता. काका गाडी काढून गेले, वाटेत दुकानातून एक नवा, वेगवान, चौसष्ट जीबीचा पेनड्राइव्ह घेतला, भजनं त्यावर उतरवून दिली आणि आपला निळा परत आणला. पाहुण्यांना वाटलं, जुनी वस्तू दिली म्हणून काकांना संकोच वाटला असणार. आजही ते लोक काकांच्या मोठ्या मनाची गोष्ट सांगतात.

काकूंचा सूर वेगळा आहे. “यांना जे जे बिघडलेलं आहे ते जपून ठेवायचं असतं,” त्या म्हणतात. आणि हे फार खरं आहे. दुरुस्तीच्या माणसाला दुरुस्त वस्तू आवडत असेल असं आपण धरून चालतो. काकांना बिघाड आवडतो. त्यातही जो दर वेळी, ठरल्या पायऱ्यांनी, न चुकता घडतो तो. महिनाभर खपून असा हुकमी बिघाड हाती लागला की काका त्या दिवशी शीळ घालत जिना उतरतात. दोन दिवसांनी तो दुरुस्त होतो आणि ते जरा उदास होतात.

११ डिसेंबर २००८ च्या रात्री मध्य मॅसॅच्युसेट्सवर बर्फाचं वादळ आलं. पाऊस पडता पडताच गोठला, झाडांच्या फांद्या काचेसारख्या मोडून तारांवर पडल्या आणि आजूबाजूच्या कित्येक गावांतली वीज दिवसेंदिवस गेली. सगळे एकमेकांकडं मेणबत्त्या आणि पिठलं-भात घेऊन गेले. काका आले तेच मुळी सुतक असल्यासारखे. घरात हीटर बंद होता, फ्रिजमधला खवा खराब व्हायला आला होता, पण दुःख त्याचं नव्हतं. तळघरातल्या मशीनवर चार दिवस एक चाचणी चालू होती, ती यूपीएसनं जेमतेम पाऊण तास तगवली आणि सोडली. “एकोणनव्वद टक्के झाली होती,” काका म्हणाले. कोणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ती चाचणी होती फाइलींची पेजेस आणि प्रोग्रॅमांची स्वतःची पेजेस वेगवेगळ्या याद्यांत ठेवण्याच्या बदलाची. मोठ्या मशीनांवर एकच यादी असली की हवं ते पेज सापडेपर्यंत नको ती लाखो पेजेस चाळावी लागत, म्हणून. त्याच नाताळात लिनक्स २.६.२८ आलं आणि तो बदल त्यात होता. काकांच्या चाचणीवाचून काही अडलं नव्हतं. हे त्यांना कोणी बोलून दाखवलं नाही.

दुरुस्ती लिहितानाचे काका बघण्यासारखे असतात. तीन आठवडे शोधाशोध करून मूळ सापडतं, ते बहुधा एका अटीत ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ हवं होतं, एवढंच असतं. बदल एका ओळीचा. पण त्या ओळीबरोबर खुलासा लिहायचा असतो, तो तीन पानांचा. काय बिघडत होतं, कुठल्या मशीनवर, कशामुळं, दुसरे कुठले उपाय विचारात घेतले आणि का सोडले, आकडे आधीचे, आकडे नंतरचे. हा खुलासा काका काकूंना वाचून दाखवतात. काकू समोर मराठी मालिका लावून, वाटाणे सोलत ऐकतात. त्यांना त्यातलं काही कळत नाही असं आम्ही समजत होतो. पण एकदा मी तिथं असताना त्या वाटाण्यांवरून नजर न उचलता म्हणाल्या, “अहो, पहिल्या पानावर तुम्ही ‘कायमचा’ म्हणालात.”

काका थबकले. मागं गेले. खरंच लिहिलं होतं. खोडून त्यांनी ‘आमच्या चाचण्यांत’ असं केलं.

एखादी ओळ न घालता नुसती काढून बिघाड गेला, तर तो दिवस मात्र सणाचा असतो. काकू विचारत नाहीत, शिरा करतात.

नवं काही आलं की काका सावध असतात. २०२२ च्या डिसेंबरात लिनक्स ६.१ मध्ये गूगलच्या यू झाओ यांची नवी पद्धत आली, प्रत्येक प्रकारच्या पेजांच्या दोनच याद्या ठेवण्याऐवजी वयाप्रमाणं अनेक पिढ्या पाडणारी. आम्ही विचारलं, कशी आहे? काकांनी तो हिवाळा काही मत दिलं नाही. वसंतात क्विन्सिगामंड तळ्याकाठी फिरताना एकदम थांबले (फिरताना मधेच थांबायची त्यांना सवय आहे, मागून येणारे धडकतात) आणि म्हणाले, “बरं आहे.” आम्ही एकमेकांकडं पाहिलं. त्यांच्या मुलाला एमआयटीत प्रवेश मिळाला तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते.

आता तो गणपतीतला प्रसंग सांगायलाच हवा. भाड्याचं सभागृह, समोर गच्च गर्दी, आणि मुलींचा समूहनाच, ट्रॅकवर. ट्रॅक मंडळाच्या जुन्या लॅपटॉपवर होता. त्या लॅपटॉपवर लिनक्स कोणी घातलं होतं हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पहिल्या कडव्यात गाणं एका शब्दावर अडकलं. मुली एका पायावर उभ्या. ध्वनिव्यवस्था बघणाऱ्या तरुणानं बंद करायचं बटण दाबायला बोट पुढं केलं आणि तिसऱ्या रांगेतून आवाज आला, “हात लावू नकोस!”

काका स्टेजवर चढले. “मशीन मेलेलं नाही,” त्यांनी माइकजवळच सांगितल्यामुळं हे सगळ्यांना ऐकू गेलं. “आत्ता काढलेलं पेज लगेच परत आणतंय, ते आणायला दुसरं काढतंय, मग ते दुसरं आणतंय. याला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्येच...” यजमानांनी माइक सौम्यपणे बाजूला घेतला. बंद केलं तर पुरावा जाईल, असं काकांचं म्हणणं. कोण मेमरी धरून बसलंय ते आधी बघू. एकेक अक्षर टाइप करून ते स्क्रीनवर उमटायची वाट बघत ते बसले. इकडं मुली ताटकळलेल्या. मग मागून एका काकूंनी तेच गाणं तोंडानं म्हणायला सुरुवात केली, कोणीतरी आरतीसाठी आणलेली ढोलकी ओढली, आणि अख्खं सभागृह टाळ्यांवर गायला लागलं. मुली नाचल्या. ट्रॅकवर होतात त्यापेक्षा दोन कडवी जास्त झाली. इतक्या वर्षांत मंडळाचा इतका रंगलेला कार्यक्रम मी पाहिलेला नाही.

गाणं संपता संपता काकांनी मान वर केली. ब्राउझरमध्ये कोणीतरी मोदकांच्या पाककृतींच्या पंचवीस-तीस खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या, त्या सापडल्या होत्या. सभागृह टाळ्या वाजवत होतं. काकांना वाटलं त्या आपल्यासाठी. त्यांनी संकोचून हात हलवला.

अध्यक्षांनी माइकवरून विचारलं, “झालं ना काका?” काका उत्तर द्यायला उठले, तेवढ्यात काकूंनी पुढच्या रांगेतून डोळे वटारले. ते परत बसले.

तर श्रूजबरीत किंवा आसपास राहत असाल आणि कधी लॅपटॉप अडकलाच, तर बटण दाबू नका, झाकण मिटू नका, चार्जर लावून ठेवा आणि आपल्या जवळच्या पेजकाकांना फोन करा. ते लगेच येतील, पैसे घेणार नाहीत. मात्र ते जेवायला तुमच्याकडंच आहेत असं काकूंना आधी कळवा.